दुसरी टेप

शनिवारी दुपारची झोप नोकरीवाल्या बाईला किती गोड लागते, हे ज्याने नोकरी केली नाही त्याला सांगून कळायचं नाही. आठवडाभर पहाटे उठून पाणी भरायचं, पोळ्या लाटायच्या, तीन डबे भरायचे आणि सव्वासातला प्रताप नगरच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बससाठी उभं राहायचं. शनिवारी मात्र अर्धा दिवस. पावणेदोनला हिंगण्याहून बस सुटायची. अडीचला मी घरी, जेवून तीनच्या आत पंख्याखाली चटईवर. दोन तासांची ती झोप. तिच्यापायी मी एका बाईची नऊ वर्षं पुसून टाकली. ते सांगायला बसले आहे. सांगून काही दुरुस्त होईल असा माझा भ्रम नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आधी मशीनचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

मी फार शिकलेली नाही. मॅट्रिक झाले आणि लग्न झालं. मग टायपिंग शिकले आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. ऐंशी साल उलटलं आणि कारखान्यात कॉम्प्युटर आला. तेव्हा त्याला सगळे मशीनच म्हणत. युनियनवाले चिडले होते, बाबू लोक घाबरले होते, की हे आता आपल्या पोटावर येणार. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, कारण माझा हात टायपिंगला चालत होता आणि मी उलटे प्रश्न विचारत नव्हते. मशीनसोबत इंग्रजी पुस्तकं आली होती, उशाएवढी जाड. मी डिक्शनरी घेऊन एकेक पान लावायची. एका पानाला सुरुवातीला आठवडा जायचा. घरी यजमान म्हणायचे, इतका अभ्यास मॅट्रिकला केला असता तर पहिल्या वर्गात आली असतीस. वर्षभरात मी ते मशीन एकटी चालवायला लागले.

धान्याच्या कोठीएवढी एक पेटी होती, तिच्यात डिस्क फिरायची. कारखान्याचं सगळं त्या डिस्कवर. कोण कामगार, कुठल्या खात्यात, कोणत्या महिन्यात किती दिवस हजर, सगळं. शेजारी टेपचं कपाट, थाळीएवढ्या टेपा. दर शनिवारी डिस्कवरचं सगळं टेपवर उतरवून ठेवायचं, म्हणजे डिस्क बिघडली तरी टेपवरून परत भरता येतं. याला बॅकअप म्हणत. घराची दुसरी किल्ली शेजारणीकडे ठेवावी, तसं. सात टेपा होत्या, दर शनिवारी एक, आणि सात संपल्या की पुन्हा पहिलीवर नवं उतरवायचं. झालं की एका लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरमध्ये तारीख टाकायची, टेपचा नंबर टाकायचा आणि पुढे लिहायचं: पूर्ण. मग माझी सही.

मशीनची खोली थंड. मे महिन्यात साऱ्या हिंगण्यात तेवढीच खोली थंड, त्यामुळे ज्याचं काही काम नाही त्यालाही तिथे काम निघायचं. चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ चालत नसे, म्हणून रोज दोनदा ओल्या फडक्याने फरशी पुसायला एक बाई यायची. तिला सगळे तिच्या नंबरानेच हाक मारत, नऊशे सतरा.

ती बदली कामगार होती. बदली म्हणजे काय, तर रोज सकाळी गेटवर येऊन उभं राहायचं. कोणी पक्का कामगार गैरहजर असला, किंवा कुठे जास्तीचं काम निघालं, की टाइमकीपर खिडकीतून आपल्या नंबराचा पितळी बिल्ला बाहेर सरकवतो. बिल्ला मिळाला तर आत, नाही मिळाला तर घरी. घरी म्हणजे पुन्हा तीन कोस चालत. नऊ वर्षं ती अशी उभी राहात होती. आमची बस सकाळी गेटमधून आत जायची तेव्हा खिडकीतून ती घोळक्यात दिसायची, डोक्यावर पदर, हातात डब्याचं फडकं. थोड्या वेळाने मशीनच्या दाराशी तिचा पायरव ऐकू आला की मला कळायचं, आज बिल्ला मिळाला.

माझ्याच वयाची होती. मी तिला अगं-तुगं करायची, ती मला जी लावायची. कारखान्यात तशीच रीत होती आणि तेव्हा मला त्यात काही वाटतही नव्हतं. बोलायला मोठी गमतीची. फरशी पुसता पुसता मशीनकडे बघून म्हणायची, तुमच्या या म्हशीले उन्हाळ्यातही गारवा लागते, आन मी गेटवर भाजून राहिली.

बदली कामगारांचे ठरावीक दिवस भरले की त्यांना पक्कं करायचं, असं कंपनी आणि युनियन यांच्यात ठरलं होतं. यादी दोन वर्षांनी जूनमध्ये निघायची होती आणि ती मशीनवरून निघणार होती. जुनी हजेरीची कार्डं, मशीन येण्याआधीची सगळी, मीच बसून टाइप करून मशीनमध्ये भरली होती. भरून झाल्यावर कार्डांची खोली थंड हवेच्या यंत्रासाठी हवी म्हणून रिकामी केली आणि कार्डं रद्दीत गेली. एक दिवस तिने पुसणं थांबवून विचारलं, माहे दिवस यात हायेत का जी?

मी तिला टर्मिनलच्या पडद्यासमोर उभं केलं. नऊशे सतरा दाबलं. हिरव्या अक्षरांत एकेक महिना उतरत गेला. तिला वाचता येत नव्हतं, आकडे मात्र कळत. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आन कोणी खोडलं तं?"

"अगं, कागद थोडाच आहे हा," मी म्हटलं. "एकदा यात गेलं की कोणाच्या बापाला खोडता येत नाही. वर दर शनिवारी मी त्याची दुसरी प्रत काढून कपाटात ठेवते."

तिने मशीनला हात जोडले. मला हसू आलं. पगाराच्या दिवशी बदल्यांना दिवसांची एक चिठ्ठी मिळायची. काही जण ती डब्यात जपून ठेवत. तिने त्या दिवसापासून चिठ्ठ्या जपणं सोडलं. आधीच्या होत्या त्या चुलीत घातल्या. मशीनमध्ये आहे ना, असं ती इतरांनाही सांगायची, माझं नाव घेऊन.

आता शनिवारचं.

दुपारी बारापर्यंत मशीनवर रोजचं काम चालायचं. बारानंतर मी बॅकअप लावायची. पहिल्या वर्षी सगळं एका टेपवर मावायचं आणि एक वाजता मी मोकळी. पण कारखाना वाढला, माणसं वाढली, जुनी कार्डं आत गेली. एक टेप पुरेना. दीडच्या पुढे पहिली टेप भरायची आणि मशीन दुसरी टेप मागायचं, तीही त्याच सातांतली घ्यायची. पडद्यावर एक ओळ यायची आणि लुकलुकत राहायची. दुसऱ्या टेपला सुरुवातीला पाच मिनिटं लागायची, मग दहा, मग वीस. आणि बाहेर बस हॉर्न देत असायची.

ड्रायव्हर सावनेरकडचा, तोंडाचा फाटका पण मनाचा वाईट नाही. तो म्हणायचा, बाई, तुमच्या मशीनले सांगा का गाडी सुटली. बसमध्ये चाळीस माणसं उन्हात बसलेली, सगळ्यांना घरची ओढ. एकीसाठी बस थांबायची नाही, ही रीत होती, आणि ती बस गेली की हिंगण्याहून शहरात यायला शनिवारी दुपारी काही मिळायचं नाही. एका शनिवारी मी दुसरी टेप लावलीच नाही. मशीन बंद केलं, रजिस्टरमध्ये लिहिलं: दुसरी टेप बाकी, सोमवारी. सोमवारी सकाळपासून मशीनवर रांग. ते राहून गेलं.

मोठ्या साहेबांनी रजिस्टर बघितलं. त्यांच्याच हाताखाली मशीन आणि त्यांच्याच हाताखाली माणसांची भरती. मुंबईहून वरचे लोक तपासणीला यायचे होते. ते मला म्हणाले, "बाई, या रजिस्टरमध्ये बाकी हा शब्द मला दिसायला नको." मी म्हटलं, बरं.

त्यांनी दुसरी टेप लावू नका असं सांगितलं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं की काम पुरं करा. मी ते माझ्या सोयीने ऐकलं. पुढच्या शनिवारी ओळ लुकलुकायला लागली, हॉर्न वाजला, मी मशीन बंद केलं आणि लिहिलं: पूर्ण. हात थोडा थांबला होता, खोटं कशाला सांगू. त्याच्या पुढच्या शनिवारी थांबला नाही. मशीन नंबराच्या क्रमाने उतरवतं, म्हणजे पहिल्या टेपवर एकपासून आठशेपर्यंत सगळे येतात आणि शेवटी बदली येतात, नऊशेवाले, हे मला ठाऊक होतं. पण डिस्क बिघडतेय कुठे? शेजारणीकडे ठेवलेली किल्ली किती जणांना खरंच लागते? दीड वर्ष असं चाललं. दीड वर्ष मी शनिवारी छान झोपले.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. थंड हवेचं यंत्र बसलं. खोली तापली आणि डिस्कच्या पेटीतून आवाज आला. जात्यात खडा आल्यावर येतो ना, तसा. मी धावत जाऊन बटण दाबलं, पण मला पुस्तकातून कळलेलं होतं, तो आवाज आला की डिस्कवरचं काही राहात नाही.

मुंबईहून इंजिनिअर आला. तरुण, नीटस, चष्म्याला दोरी बांधलेली. त्याने नवी डिस्क बसवली आणि म्हणाला, काळजी नका करू, बॅकअप आहे ना. रजिस्टर बघितलं, पूर्ण, पूर्ण, पूर्ण. खूश झाला. म्हणाला, इतकं नीट रजिस्टर मी कुठे बघितलं नाही. मी उभी होते. टेप लावली. एकपासून आठशेच्या पुढेपर्यंत सगळं परत आलं. नऊशेवाले आले नाहीत.

त्याला वाटलं टेप खराब. आधीच्या शनिवारची लावली. तिथेच संपली. त्याच्याही आधीची लावली. तिथेच. त्याला वाटलं टेप वाचणारा भाग मळला असेल, त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. मग वाटलं उन्हाने टेपा ताणल्या असतील, त्या थंड करून पुन्हा लावल्या. मग टेपचं यंत्रच उघडलं. दोन दिवस त्याने जेवायला नीट वेळ काढला नाही. मी त्याला चहा देत होते, बोळे देत होते, पाना धरत होते. नऊशे सतरा दाराशी फडकं हातात घेऊन बसलेली. मधूनच विचारायची, काय शोधून राहिले जी ते? मी सांगायची, मशीन दुरुस्त करताहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सातवी टेप काढून टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसला. "मॅडम, सातही टेपा एकाच जागी संपतात," तो म्हणाला. "खराब टेपा इतक्या शिस्तीत खराब होत नाहीत."

मग मी सांगितलं. बसचं, हॉर्नचं, लुकलुकणाऱ्या ओळीचं. झोपेचं नाही सांगितलं. तो रागावला नाही. रजिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बॅग भरायला लागला. जे कधी टेपवर लिहिलंच नाही ते मी कुठून वाचू, एवढंच म्हणाला.

मी साहेबांकडे गेले. इंजिनिअरने सांगण्याआधी आपण सांगावं, एवढी तरी लाज होती. साहेबांनी ऐकून घेतलं.  मग म्हणाले, तुम्हाला लेखी द्यायचं असेल तर द्या. त्याने एवढंच ठरेल की टेपवर काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते त्यावरून कसं कळणार? कोणाचे किती दिवस होते ते तुमच्या कबुलीत थोडंच लिहिलेलं असणार? तुमची नोकरी जाईल आणि त्यांची काही पक्की होणार नाही. त्यापेक्षा ज्याच्याकडे कागद असेल त्याने तो आणावा. आपलं रजिस्टर पूर्ण आहे, पुरावा त्यांनी द्यायचा.

मी बाहेर आले. माझी नोकरी वाचली म्हणून मला हलकं वाटलं होतं. दोन मिनिटं का होईना, वाटलं होतं.

टाइम ऑफिस धुंडाळलं. तिथे चालू महिन्याशिवाय काही नव्हतं. ज्यांनी चिठ्ठ्या जपल्या होत्या अशा तिघाचौघांनी त्या आणून दिल्या, त्यांचं काम झालं. नऊशे सतराने जपल्या नव्हत्या. का नव्हत्या ते मी वर लिहिलंच आहे.

आणि मग मला भिंत आठवली.

दर महिन्याला बदल्यांची हजेरी मोठ्या प्रिंटरवर छापून टाइमकीपरकडे तपासायला जायची. तो लाल पेन्सिलने चुका दाखवायचा, त्या मी मशीनमध्ये सुधारायची आणि तो कागद रद्दीत. रुंद, जाड, एका अंगाने कोरा कागद. दोन दिवाळ्यांपूर्वी तिने मागितला होता. घराच्या भिंतीची माती झडते, तिला लावायचा आहे म्हणाली. मी गठ्ठाच दिला होता. मैद्याची खळ करून, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालून तिने साऱ्या भिंतीला तो कागद चिकटवला, आणि मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, घर कसं बंगल्यावानी पांढरं दिसते जी.

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. हिंगण्याच्या रस्त्याला लागून एक वस्ती होती, तिथे दोन खणांचं घर. नवरा विटाभट्टीवर गेलेला. मी कशाला आले ते सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे बघायला लागली. पांढरी, स्वच्छ भिंत. छापलेली बाजू आत. कोरी बाजू बाहेर ठेवली तरच घर पांढरं दिसणार ना. तिचे दिवस दीड वर्ष तिच्या उशाशी होते, तोंड भिंतीकडे करून.

आम्ही ओलं फडकं लावून कागद सोडवायला बसलो. मोरचूद घातलेली खळ, ती काय सुटते. वरचा पापुद्रा हातात यायचा, लगदा होऊन. छापलेला भाग भिंतीलाच राहायचा. पण भिंतीला चुना दिलेला होता, आणि प्रिंटरची काळी शाई त्या चुन्याने धरून ठेवली होती. लगदा खरवडला की खाली आकडे दिसायचे, सगळे उलटे. आरशात दिसतात तसे.

तीच उठली आणि खुंटीवरचा आरसा घेऊन आली. हातभर भिंत मोकळी करायची, तिने आरसा धरायचा आणि मी वाचायचं. सगळे कागद बदल्यांचे नव्हते. कुठे पक्क्यांची पानं, कुठे भांडाराच्या याद्या, कुठे नुसती माती. जेवणवेळेपर्यंत अकरा महिने सापडले. नऊ वर्षांतले अकरा. मी वहीत उतरवत होते. एका महिन्याला तीनच दिवस होते. मी म्हटलं, हे नीट वाचलं गेलं नसेल.

"नाई जी, बराबर हाये," ती म्हणाली. "त्या महिन्यात माहा बाप गेला होता."

मग एकामागून एक तिला आठवायला लागलं. हा महिना सासूच्या आजारपणाचा, हा पुराचा, या महिन्यात एक दिवस खाडा नाही कारण पक्क्या बायांनी लग्नसराईत रजा घेतल्या होत्या. ती हसत होती. हातातला आरसा हलला की भिंतीवरून उजेडाचा तुकडा पळायचा. आणि मग ती सहज म्हणाली, "मशीनलेच काई झालं असन जी. तुमी काय करता त्याले."

मला ते गिळता येईना. मी तिला सगळं सांगितलं. या वेळी झोपेचंही सांगितलं.

तिने आरसा खाली ठेवला नाही. तसाच धरून बसली. तिच्या हाताला मोरचुदाचा निळा रंग लागलेला. तिने विचारलं, "मंग लागत होती का जी झोप?"

"हो," मी म्हटलं. "छान लागायची."

तिने मान हलवली. एखादी गोष्ट कळल्यावर हलवतात तशी. मग उठून चहा ठेवला. मला कप दिला. मी प्यायले. नाही प्यायले असते तर काय केलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही. जाताना दाराशी आली नाही, एवढंच.

सोमवारी मी ती वही आणि एक कागद घेऊन साहेबांकडे गेले. कागदावर लिहून दिलं होतं की दीड वर्ष दुसरी टेप लावलेली नाही, रजिस्टरातली पूर्ण ही नोंद खोटी आहे, आणि वहीतले आकडे अमक्या भिंतीवरून मी स्वतः वाचले आहेत. सही केली. साहेबांनी दोन्ही वाचलं, सावकाश. मग रजिस्टर मागवलं, ते वहीशेजारी उघडून ठेवलं.

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"आणि हे रजिस्टरमधलं?"

"तेही माझंच."

"मग बाई, यातलं खरं कुठलं, हे मी कसं ठरवू?"

मी म्हटलं, चला माझ्याबरोबर, भिंत दाखवते, आरसा घेऊन स्वतः वाचा. ते दुष्ट नव्हते हो. खरंच विचारात पडले. मग म्हणाले, मी भिंत वाचून आलो असं मुंबईला कोणत्या तोंडाने लिहू? आणि अकराच महिने, त्याने दिवस तरी कुठे भरतात? वही त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. कागदही ठेवला. माझ्यावर काही कारवाई झाली नाही. तेव्हा मशीन दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हतं. गेली असती नोकरी तर बरं झालं असतं, असं आता पेन्शनीच्या वयात म्हणणं फार सोपं आहे, म्हणून म्हणत नाही.

युनियनच्या पुढाऱ्याला मी दोनदा गाठलं. तो म्हणाला, येतो एक दिवस बघायला. बदल्यांची मतं युनियनमध्ये नव्हती. तो आला नाही. दिवाळीच्या आधी तिने भिंत सारवून घेतली. मला तिनेच सांगितलं, फरशी पुसता पुसता. पाव्हणे येनार होते जी, उलटं लिवलेलं बरं नाई दिसत.  

जूनची यादी लांबत लांबत दिवाळीनंतर निघाली. तिचा नंबर त्यात नव्हता. जुन्या नोंदी उपलब्ध नसल्याने राहिलेल्या बदल्यांचे दिवस नव्याने मोजले जातील, असं पत्रक फळ्यावर लागलं. तिच्या नावावर नव्या डिस्कवर एक दिवस चढला, मग दोन. ती गेटवर येऊन उभी राहायची. मी बसमधून जाताना आता खिडकीकडे पाठ करून बसायची.

त्यानंतर मात्र दर शनिवारी मी दुसरी टेप लावली. हॉर्न वाजायचा, बस निघून जायची. मी मशीनसमोर बसून राहायची, टेप संपेपर्यंत. मग रस्त्यावर येऊन मिळेल त्या टेम्पोत, कधी विटांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी, कधी चालत. घरी पोचायला पाच वाजायचे. यजमानांनी विचारलं, अचानक इतकं काम कसं वाढलं. मी म्हटलं, वाढलं. त्यांना खरं कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर सांगावंसं वाटलं.

काही शनिवारी तीसुद्धा दाराशी बसलेली असायची. तिला बसची गरज नव्हती, ती चालत जायची. ओळ लुकलुकली की तीच म्हणायची, मांगून राहिलं जी. लावा. मी लावायची. फिरत्या टेपकडे ती बघत बसायची. तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. मला राखायला बसत होती की सोबतीला, कोण जाणे. संपलं की विचारायची, झालं? मी हो म्हणायची, आणि ती पदर डोक्यावर घेऊन निघायची. टेपवर तिचे तेव्हा काही महिनेच असायचे. बाकीचे नव्हतेच, तर ते उतरवणार कुठून.

त्याला वर्ष होत आलं आणि कंपनीने बदली पद्धतच बंद केली. सगळं काम ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराला जवान मुली हव्या होत्या. टाइमकीपरच्या खिडकीतला बिल्ल्यांचा फळा काढून टाकला. साहेबांनी मला चिठ्ठी पाठवली, नऊशेची फाइल आता लागणार नाही, काढून टाका. मी पुस्तक न बघता ते केलं. एक ओळ टाइप करायची असते. खात्री आहे का, असं मशीन एकदा विचारतं. होचं बटण दाबायचं.

फळा काढल्यावरही ती आठ-दहा दिवस गेटवर येऊन उभी राहात होती. मी पाहिलं, कारण त्या दिवसांत मी पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसायला लागले होते. मग ती दिसेनाशी झाली. वस्तीत चौकशी केली तर म्हणाले, विटाभट्टीवर गेली नवऱ्याबरोबर, तिकडेच कुठे राहतात आता. कुठल्या भट्टीवर, ते सांगता येईना.

त्याच शनिवारी मी बाराला बॅकअप लावला. नऊशेवाले नव्हते, त्यामुळे सगळं एका टेपवर मावलं. दीडच्या आत मशीन थांबलं. दुसरी टेप त्याने मागितलीच नाही. मी वाट पाहिली, उगाच. मग रजिस्टर काढलं, तारीख टाकली आणि लिहिलं: पूर्ण.

बस मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, आज टायमावर हो बाई. अडीचला घरी पोचले, जेवले, चटई टाकली. वाटलं होतं डोळा लागणार नाही. लागला.